न वाजलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्या पोटात बुचाचा एक मणी आहे आणि तोंडाशी दातांच्या खुणा आहेत. माझी गोष्ट सांगायला बसले आहे खरी, पण गोड आवाजाची अपेक्षा ठेवू नका. शिट्टीला गोड आवाज नसतोच, आणि त्यातून मी रागावलेली आहे. कुणाकुणावर, ते ऐकता ऐकता कळेल. त्यात मी स्वतःही आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका गावात, खेळाचं सामान बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, सांधला, पोटात मणी टाकला आणि एका म्हाताऱ्या कारागिराने मला ओठांत धरून फुंकलं. मी अशी किंचाळले की त्याच्या पायाशी झोपलेलं मांजर पळून गेलं. "पास," म्हातारा म्हणाला आणि त्याने मला टोपलीत टाकलं. माझ्या बहिणी शाळांमध्ये आणि कबड्डीच्या मैदानांवर गेल्या. मी फौजेत गेले.

तिथे मला हवालदार जयवंत चुरी यांनी गळ्यात घातलं. हा वसईतल्या वटार गावचा माणूस, केळीच्या वाडीत वाढलेला, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी. जवानांना मोटरसायकल नीट चालवायला शिकवणं हे त्यांचं काम. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. पोरं त्यांना चुरी उस्ताद म्हणायची आणि मीही तेच म्हणते.

एकोणीस वर्षं मी त्यांच्या छातीवर रुळले. मैदानावर नारिंगी शंकू मांडलेले असायचे. एक लांब शिट्टी म्हणजे निघा. दोन म्हणजे वेग कमी करा. आणि तीन छोट्या, तुटक शिट्ट्या म्हणजे आहात तिथे थांबा, इंजिन बंद, पाय जमिनीवर. का, कशासाठी, ते नंतर विचारा. माझ्या तीन शिट्ट्यांना कर्नलसाहेबांची गाडीसुद्धा एकदा थांबली होती. मला तेव्हा केवढा माज चढला होता म्हणून सांगू!

उस्तादांची एक शर्यत होती. शंभर पावलांचं अंतर, पाय न टेकवता मोटरसायकल न्यायची, आणि जो शेवटी पोचेल तो जिंकला. नवे जवान हसायचे. वेगात गाडी कुणीही पळवतो, उस्ताद म्हणायचे, सावकाश चालवून दाखवा. हसणारे बहुतेक विसाव्या पावलावर कलंडायचे. मग उस्ताद सगळ्यांना बूट काढायला लावायचे आणि खडीवरून अनवाणी दहा पावलं चालायला सांगायचे. पोरं ओठ चावत, कुंथत चालायची. "टोचतंय?" उस्ताद विचारायचे. "आता याच खडीवर गुडघ्याने, कोपराने, कपाळाने घसरायचंय. पन्नासच्या वेगाने. कोण येतंय पुढे?"

मित्रांनो, जवानाला बंदूक हाताळायला महिनोन्महिने शिकवतात. मोटरसायकल मात्र आपल्याला आईच्या पोटातूनच येते, अशी प्रत्येकाची समजूत असते. त्यातून रजेवर निघालेला जवान घाईत असतो. आठ महिने बर्फात काढलेले, दोन रात्री रेल्वेत झोप नाही, आणि घरी ताडपत्रीखाली वाट बघत उभी असलेली मोटरसायकल. म्हणून उस्ताद रजेचा कागद हातात देण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. हेल्मेट कुठे आहे? लायसन कुठे आहे? गाडीचा विमा कधी संपतो? तिसऱ्या प्रश्नाला हमखास उत्तर यायचं, "ते भावाला माहीत, उस्ताद." "गाडी भाऊ चालवणार आहे का?" उस्ताद विचारायचे, आणि कागद परत खिशात जायचा.

एकदा जितेंद्र नावाचा एक पोरगा आला. त्याची रेल्वे सुटत होती. त्याने नवं कोरं हेल्मेट दाखवलं, लायसन दाखवलं, रजेआधीचा मोटरसायकलचा वर्ग मात्र पुढच्या वेळी करतो म्हणाला. उस्तादांनी जाऊ दिलं. रजेच्या दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याची ट्रंक घेऊन उस्ताद त्याच्या गावी गेले तेव्हा मीही गळ्यात होते. त्याच्या बहिणीने कपाटातून हेल्मेट काढून समोर ठेवलं. त्याच्या काचेवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर उस्तादांनी मला मुठीत इतकं आवळलं की माझ्या कडीचा वळ त्यांच्या तळहातावर दिवसभर राहिला. त्यानंतर त्यांनी कुणालाही सूट दिली नाही. पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांना शिव्या घालायची, आणि मला त्या शिव्या आवडायच्या.

सगळ्यांना शिकवलं, फक्त एकाला नाही. उस्तादांच्या बहिणीचा, आशालताबाईंचा मुलगा सुमेध. मामाचं बघून तोही फौजेत भरती झाला, वेगळ्या युनिटमध्ये. आशालताबाईंचे यजमान लवकर गेलेले. भावाबहिणीची घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त विहीर. रजेत भेट झाली की मामा-भाच्याच्या गप्पा व्हायच्या, जेवणं व्हायची. त्याला ते तीन प्रश्न मात्र उस्तादांनी कधी विचारले नाहीत. घरच्या पोराला काय वर्गात बसवायचं, असं त्यांना वाटत असावं.

मग चोवीस वर्षं भरली आणि उस्ताद निवृत्त होऊन घरी निघाले. आता मी त्या दिवसाकडे येते, आणि आताच सांगते, माझा आवाज चढणार आहे.

आपल्याकडे फौजी घरी परतला की गाव त्याची मिरवणूक काढतं. काढावीच. पण हल्ली मिरवणूक म्हणजे मोटरसायकलींची. माणिकपूरला उतरलो तर पन्नास-साठ गाड्या उभ्या. बँड, हार, फुलांनी सजवलेली उघडी जीप, आणि उस्तादांच्या फोटोचा, तो फोटोही न हसणारा, मोठा फलक. हे सगळं जमवलं होतं ॲन्सेल्मने. ॲन्सेल्म म्हणजे उस्तादांचा शाळेपासूनचा दोस्त, शेजारच्या वाडीचा मालक. फेटे बांधणारा माणूस त्याने खास विरारहून आणला होता. साठ डोकी, साठ फेटे, आणि हेल्मेट एकही नाही. ज्याच्याकडे होतं त्याने ते आरशाला अडकवलं होतं.

उस्तादांनी गाड्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. ती नजर मला पाठ होती. त्यांचा हात माझ्याकडे आला.

"हेल्मेट कुठे आहेत यांची?" त्यांनी विचारलं.

"अरे जयवंता, फेट्यावर हेल्मेट कसं बसंल?" ॲन्सेल्म हसला. "आज एक दिवस तरी उस्ताद नको होऊस. पोरांनी तुझ्यासाठी केलंय सगळं. कशाला नाराज करतोस?"

सगळ्यांत पुढच्या मोटरसायकलवर सुमेध होता. मामासाठी मुद्दाम रजा काढून आलेला. डोक्यावर केशरी फेटा, एका हातात झेंडा, दुसरा हात हँडलवर. "मामा, बसा ना जीपमध्ये!" तो ओरडला. "टेन्शन नका घेऊ, हळू चालवतो!"

मित्रांनो, तीन छोट्या शिट्ट्या. तेवढंच करायचं होतं. उस्तादांनी मला ओठांपर्यंत नेलं. त्यांच्या श्वासाची ऊब मला लागली. मणी हलला. आणि मग समोरच्या साठ हसऱ्या तोंडांकडे बघून त्यांनी मला खाली सोडलं, हारांच्या आत दाबून टाकलं आणि ते जीपमध्ये चढले. एकोणीस वर्षांत मी त्यांना कधी एकेरी बोलले नव्हते. त्या दिवशी मनातल्या मनात बोलले. अरे, तू जितेंद्रची ट्रंक उचललीस ना रे! तुला लोकांच्या नाराजीची भीती कधीपासून वाटायला लागली? पण मला कोण ऐकणार? मला दुसऱ्याच्या श्वासावाचून आवाज नाही. झेंडूच्या हारांत गुदमरत मी तशीच गेले.

वटारच्या अलीकडे एक वळण आहे, मोरीच्या कठड्याला लागून. वाळूच्या डंपरमधून तिथे रस्त्यावर वाळू सांडली होती. सुमेध खरंच हळू चालवत होता. पण वाऱ्याने फेटा सैल झाला, त्याचा शेमला सुटून तोंडावर आला आणि तो सावरायला सुमेधने हँडलवरचा हात उचलला. क्षणभराची गोष्ट. चाक वाळूत घसरलं. तो पडला आणि डोकं कठड्यावर आपटलं. बँड मागे होता, त्याला काही कळलं नाही, तो वाजतच राहिला. फेट्याचं कापड चांगलं नऊ मीटर होतं, मित्रांनो. त्याने रक्त बरंच शोषून घेतलं. दुसरा काही उपयोग झाला नाही.

सुमेध वाचला. अकरा दिवस बेशुद्ध होता, मग फौजेच्या इस्पितळात हलवलं. शब्द आठवायला त्याला वेळ लागू लागला आणि डावा हात पेला धरेना. फौजेत परत घेतील की नाही, हे तिथला कुणीच डॉक्टर सांगेना. तो तेवीस वर्षांचा आहे.

तीन आठवड्यांनी विम्याच्या चौकशीला क्षितिजा नावाची एक मुलगी घरी आली. सुमेधच्या पगाराच्या खात्याबरोबर त्याचा अपघाताचा विमा होता. त्याच्या अर्जाला डोळ्यांनी पाहणाऱ्याचा जबाब हवा होता. मुलगी नम्र होती, चहा नको म्हणाली, कागद काढले. आधी तिने मोटरसायकलचे कागद पाहिले. गाडीचा विमा चौदा महिन्यांपूर्वीच संपलेला. गाडी ताडपत्रीखाली, मालक सीमेवर, आणि विमा संपल्याचे निरोप बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. उस्तादांचा तिसरा प्रश्न तो हाच! जगाला विचारला आणि विहिरीपलीकडच्या घरात विचारला नाही. दुसऱ्या कुणाला धक्का लागला नाही म्हणून निभावलं, नाहीतर त्या माणसाच्या घरच्यांनी काय केलं असतं?

मग क्षितिजाने तो रकाना वाचला. "अपघाताच्या वेळी हेल्मेट होतं का?"

ओट्यावर गावातली आठ-दहा माणसं होती. "होतं, होतं," दोघे-तिघे एकदम म्हणाले. हीच माणसं त्या दिवशी फेट्यावर हेल्मेट बसत नाही म्हणत होती. मला इतका संताप आला की माझा मणी पोटात थरथरला.

आशालताबाईंनी भावाकडे पाहिलं. "दादा, तुझ्या शब्दाला वजन आहे. होतं म्हनून लिही. एक शब्द फक्त. माझ्या पोराचं पुढचं सगळं त्याच्यात आहे."

उस्तादांनी पेन घेतलं. आणि लिहिलं, "हेल्मेट नव्हतं. थांबवायचं काम माझं होतं. शिट्टी माझ्या गळ्यात होती आणि मी ती वाजवली नाही." खाली सही केली, हुद्द्यासकट.

क्षितिजाने ते वाचलं आणि हळूच म्हणाली, "काका, शेवटची दोन वाक्यं फॉर्ममध्ये विचारलेली नाहीत." उस्ताद म्हणाले, "असू देत."

आशालताबाई उठल्या, विहिरीला वळसा घालून घरी गेल्या आणि त्या दिवसापासून भावाशी बोलायच्या बंद झाल्या. तुम्ही म्हणाल, उस्ताद खरं बोलले, मग आता तरी राग सोड. नाही सोडला. खरं बोलायची हिंमत त्यांना कागदावर आली, रस्त्यावर आली नाही. कागदावर कुणाचं डोकं वाचत नाही. त्या अर्जाचं पुढे काय झालं तेही अजून कळलेलं नाही. क्षितिजा आशालताबाईंना फोनवर सांगते, "काकी, फाईल वर गेली आहे."

उस्तादांनी मला गळ्यातून काढून ओट्यावरच्या खिळ्याला टांगलं. माझ्यावर धूळ बसली, हिरवट डाग चढले, एका कोळ्याने माझ्या तोंडावर जाळं विणलं. गावातली पोरं समोरच्या रस्त्याने उघड्या डोक्याने भुंगाट जायची. उस्ताद खुर्चीत बसून बघायचे आणि मान खाली घालायचे. सगळ्या मैदानाला दरडावणारा त्यांचा आवाज कुठे गेला कोण जाणे. पितळ गंजत नाही म्हणतात, पण माणूस गंजताना मी रोज पाहिला.

अपघातानंतर चार महिन्यांनी सुमेधला घरी सोडलं. ॲम्ब्युलन्स दुपारी वाडीत आली. सुमेध काठी टेकत उतरला. केस कापलेले, कानाच्या वरून मागेपर्यंत गेलेली व्रणाची रेघ. आशालताबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आणि तेवढ्यात मला रस्त्यावरून तो आवाज ऐकू आला.

मित्रांनो, त्या आल्या होत्या. मोटरसायकली! पंधरा-वीस होत्या, मागे बँड, पुढे ॲन्सेल्म, आणि त्याच्या हातात घडी केलेला नवा केशरी फेटा. सुमेधच्या स्वागताला! इस्पितळात हाच ॲन्सेल्म भिंतीला डोकं टेकून रडला होता, मी पाहिलं होतं. माणूस वाईट नाही हो. पण आनंद करायचा म्हटलं की त्याला मोटरसायकल आणि फेटा, यापलीकडे काही सुचतच नाही. कुणाला सुचत नाही!

"एकच फेरी, आशा," ॲन्सेल्म म्हणाला. "देवळापर्यंत जायचं आनि परत. सुमेध मागे बसंल, पोरगा हळू नेईल."

सुमेध हसला. त्याचं हसू आता एका बाजूने जास्त वर जातं. शब्द शोधत तो म्हणाला, "बांधा... फेटा बांधा."

उस्ताद ओट्यावर उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. ॲन्सेल्मने फेट्याची घडी मोडली. पोरांनी गाड्या रेटायला सुरुवात केली. मी खिळ्यावर लटकून ओरडत होते, वाजवा, कुणीतरी वाजवा मला! आणि तेव्हा विहिरीला वळसा घालून आशालताबाई धावत आल्या. तीन महिन्यांत त्या ओट्यावर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. त्यांनी भावाकडे बघितलंसुद्धा नाही. खिळ्यावरून मला ओढलं आणि कोळ्याच्या जाळ्यासकट तोंडात घातलं.

पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. त्यांना कुठे सवय होती? दुसऱ्यांदा त्यांनी छाती भरून घेतली. मग मी वाजले. दम पुरेना, म्हणून आवाज तुटला. परत वाजले, परत तुटला. परत वाजले. तीन छोट्या, तुटक शिट्ट्या. त्या बाईला माझे इशारे ठाऊक नव्हते. पण एकोणीस वर्षं एका हवालदाराच्या दातांत राहिलेली मी सांगते, एवढ्या रागाने मला कधी कुणी फुंकलं नव्हतं.

आणि त्या तीन शिट्ट्यांवर उस्तादांचं सगळं अंग ताठ झालं. "इंजिन बंद! पाय जमिनीवर!" आवाज वाडीच्या पार टोकापर्यंत गेला. केळीत बसलेले बगळे उडाले. एकेक गाडी बंद पडत गेली. बँडवाल्याने वर नेलेली काठी तशीच वर राहिली.

आशालताबाई धापा टाकत होत्या. ॲन्सेल्मच्या हातातल्या फेट्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "बांधायचा तर बांध. पन चालत्या मानसाच्या डोक्यावर बांध. माझा पोरगा देवळात चालत जानार. कोनाला यायचं ते चालत या." मग भावाकडे वळून, तीन महिन्यांनी पहिल्यांदा, त्या बोलल्या. "दादा, परत मला वाजवायला लावू नकोस."

मिरवणूक निघाली. मोटरसायकली वाडीत उभ्या राहिल्या आणि माणसं पायी निघाली. मध्ये सुमेध, केशरी फेटा, एका हातात काठी, दुसऱ्या हाताला मामा. देऊळ पाच मिनिटांवर आहे. सुमेधला पाऊण तास लागला. बँडने तीच दोन गाणी नऊ वेळा वाजवली. पुढे जायची घाई कुणी केली नाही. देवळाच्या पायरीला सुमेधने हात लावला, तो सगळ्यांच्या शेवटी. उस्तादांच्या शर्यतीत शेवटचा जिंकतो. पण मित्रांनो, मला त्या दिवशी ती शर्यत आठवली आणि आनंद झाला नाही. हे पोरगं चार महिन्यांपूर्वी धावत होतं.

आता दर रविवारी शाळेच्या मैदानावर उस्ताद शंकू मांडतात. परवा अकरा पोरं आली. साठपैकी अकरा. तीही अनवाणी खडीवर चालताना कुंथली, मला बरं वाटलं. मी मात्र उस्तादांकडे परत गेले नाही. मी आशालताबाईंच्या गळ्यात असते, मंगळसूत्र नाही त्या जागी. त्यांनी मला चिंचेने घासून लख्ख केलं आहे. रस्त्याने उघडं डोकं गेलं की त्या मला फुंकतात, कुणाचा मुलगा, कुणाचा जावई बघत नाहीत. लोक त्यांना वेडी म्हणू लागले आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी रजेवर येणार असेल, तर आजच ताडपत्रीखालच्या गाडीचे कागद काढून बघा. विमा कधी संपतो ते विचारा. हेल्मेटच्या काचेवरचं प्लॅस्टिक काढा. फौजी परत आला तर बँड लावा, हार घाला, फेटा बांधा, नाचा. पण चालत जा. आणि कुणी म्हणालं की आज एक दिवस चालतं, कशाला नाराज करतोस, तर नाराज करा. रडवा हवं तर. मला खिळ्यावर टांगून ठेवू नका. सुमेध अजून सकाळी पेल्याकडे डावा हात नेतो, थांबतो, आणि मग उजव्या हाताने पाणी पितो.